पिवळं मंडळ

महामाया अवसरमोल आमच्या ऑफिसात आली ती २०१७ च्या एप्रिलमध्ये. बुलढाण्यात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, खाली घरमालकांचं स्टेशनरीचं दुकान. एका संस्थेने कपाशीच्या किडीसाठी प्रकल्प घेतला होता. गुलाबी बोंडअळी कुठे वाढते आहे ते शेतकऱ्याला त्याच्या मोबाइलवर, नकाशावर दिसावं, असं ठरलं होतं. ॲपचं नाव 'पीकनजर'. मी समीना. माझं काम आकडे भरायचं.

आकडे यायचे सापळ्यांवरून. पिवळ्या प्लास्टिकची लांब पिशवी बांबूला बांधायची, वर झाकणाखाली या अळीच्या मादी पतंगाच्या वासाची गोळी ठेवायची. त्या वासाने नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. रोज सकाळी कुणीतरी जाऊन ते मोजायचं आणि मला कळवायचं. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर त्या शिवारात धोका. हे आकडे नकाशावर कसे दिसतील ते ठरवायला महामायाला घेतलं होतं.

ती मेहकर तालुक्यातल्या डोणगावची. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आई अंगणवाडीत मदतनीस. औरंगाबादला भूगोलात एम.ए. करून तिने संगणकावर नकाशे काढायचं शिक्षण घेतलं आणि पुण्यात दीड वर्ष एका कंपनीत टॅक्सीवाल्यांच्या मोबाइलसाठी नकाशे केले. तिथे तिच्या बोलण्याला लोक हसायचे, हे तिने मला सहज सांगितलं, त्यात तक्रार नव्हती. आपल्या जिल्ह्याचं काम निघालं म्हटल्यावर कमी पगारावर परत आली.

पहिला महिनाभर ती नुसती गावांची नावं दुरुस्त करत होती. प्रकल्पाला मिळालेल्या नकाशात नावं इंग्रजीवरून मराठीत आपोआप आलेली. त्यामुळे मोताळ्याचं मोताला झालेलं, डोणगावचं डोनगाव. जिल्ह्यात चौदाशेच्या आसपास गावं. मी म्हटलं, कशाला एवढा त्रास, लोकांना कळतंच की. ती म्हणाली, आपल्या गावाचं नाव चुकलेलं दिसलं की माणूस बाकीच्या नकाशावर कशाला विश्वास ठेवेल? आणि एकेक नाव टाइप करत राहिली.

जुलैच्या शेवटी नकाशा तयार झाला. तो लोकांना कळतो का हे बघायला आम्ही रोहिणखेडला गेलो. मुजम्मिल तिथला. त्याचं पंक्चरचं दुकान होतं, आणि रोहिणखेडसह आजूबाजूच्या सहा गावांतले सापळे तो मोजायचा. त्याने आम्हाला रुखमाबाईंच्या वावरात नेलं. त्या साठीच्या आत-बाहेरच्या, नवरा वारलेला. मुलगा निवृत्ती ट्रॅक्टर चालवायला बाहेर असायचा, त्यामुळे वावराचं सगळं त्या आणि सून कोकिळा बघायच्या. सहा एकरांपैकी चार एकरांत बीटी कपाशी होती. मोबाइल कोकिळाचा.

महामायाने मोबाइल रुखमाबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, मावशी, यात तुमचं वावर शोधा. त्यांनी मोबाइल कपाळाजवळ नेला, मग लांब धरला. उन्हात पडदा नुसता चकाकत होता. करड्या बारीक रेघा दिसतच नव्हत्या. थोड्या वेळाने त्या मोबाइल हातात धरून स्वतःच गोल फिरायला लागल्या, कारण नकाशात नाला डावीकडे होता आणि उभ्या होत्या तिथून उजवीकडे.

"हे तं सारं उलटं हाये," त्या म्हणाल्या. "यात माह्यं वावर कुठी हाये?"

महामाया हसली नाही. वहीत लिहून घेतलं. ती दिवसभर त्या शिवारात फिरली आणि बारा-पंधरा जणांना मोबाइल दिला. एकाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नव्हता, हे त्याला स्वतःलाही त्या दिवशीच कळलं. सापळ्यांचे ठिपके इतके लहान होते की जाड बोटाखाली तीन-तीन ठिपके एकदम दाबले जायचे. गट नंबर कुणालाच ओळखता आला नाही. लोक सांगत होते ते नाला, पांदण, कुणाची विहीर, गावातल्या जुन्या मशिदीपासून अमुक अंगाला. मुजम्मिल म्हणाला, "ताई, इथं उत्तर दिशा कोणी नाय पुसत. समोर काय हाये ते दाखवा."

परत आल्यावर तिने नकाशा जवळजवळ नव्याने केला. माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा असेल ती बाजू वर येईल अशी सोय केली. रेघा जाड आणि काळ्या केल्या. हिरवा रंग काढून निळा घेतला, म्हणजे निळा ठीक, पिवळा सावध, लाल धोका. नाले, पांदणी, मोठ्या विहिरी टाकल्या. ठिपके मोठे केले. ऑगस्टच्या मध्यात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा रुखमाबाईंनी मोबाइल धरला, दोन पावलं टाकली, आणि नकाशावरचा, आपण कुठे उभे आहोत ते दाखवणारा ठिपका पांदणीवरून सरकताना बघितला. मग बोट ठेवलं. "हे माह्यं."

त्या दिवशी येताना जीपमध्ये महामाया खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, पुण्यात दीड वर्षात माझ्या नकाशात कुणी असं बोट ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ॲप सुरू झालं. सुरुवातीला सगळीकडे निळं होतं. दहा तारखेनंतर माझ्याकडचे आकडे बदलायला लागले. चार, सहा, नऊ. मुजम्मिलने एका सकाळी फोन करून एकोणीस सांगितले तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. मोताळ्याच्या बाजूचे ठिपके आधी पिवळे, मग लाल झाले. मी आकडा भरला की पाच मिनिटांत शेजारच्या टेबलावर महामायाच्या पडद्यावर तो ठिपका लाल व्हायचा. आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि पुढचं गाव घ्यायचो.

फोन सुरू झाले. ऑफिसचा नंबर ॲपवर होता. लोक विचारायचे, आमचं गाव लाल झालं, आता काय करू? आमच्याकडे सल्ल्याचं एक पान होतं. त्यात फुलातली अळी कशी ओळखायची, डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, तोडून जाळायच्या, कोणती फवारणी कधी, असं होतं. पण अळी एकदा बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, हे लोकांनाही ठाऊक होतं. बीटी बियाण्यात बोंडअळी येणारच नाही, असं वर्षानुवर्षं ऐकलेली माणसं ती. डोणगावच्या बाजूने सोजराबाई नावाच्या एकींचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "बाई, लाल झालं ते समजलं. मी लाल बघून काय करू ते सांग की." महामायाने तो फोन घेतला होता. तिने पानावरचं सगळं वाचून दाखवलं आणि फोन ठेवला.

दसऱ्याच्या नंतर प्रकल्पाचे साहेब आले. ते नागपूरला बसायचे, महिन्यातून एकदा यायचे. माणूस वाईट नव्हता. आमची चौकशी करायचे, चहा स्वतःच्या पैशाने मागवायचे. त्यांनी नकाशा मोठ्या पडद्यावर लावायला सांगितला. मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडचा भाग लाल ठिपक्यांनी भरलेला होता. ते म्हणाले, वरून विचारणा झाली आहे. एवढं लाल दाखवल्याने लोकांत घबराट होते आहे. शिवाय एका सापळ्यावरून अख्ख्या शिवाराबद्दल बोलणं शास्त्राला धरून नाही. ठिपके काढा, महसूल मंडळाची सरासरी घ्या आणि मंडळाला एकच रंग द्या.

मंडळ म्हणजे पंधरा-वीस गावांचा गट. एकाच मंडळात नाल्याकाठची काळी जमीन असते आणि डोंगराच्या पायथ्याची हलकी जमीनही असते. महामायाने त्यांना तेच सांगितलं. रोहिणखेडच्या सापळ्यांत वीस-वीस पतंग आहेत आणि त्याच मंडळातल्या वरच्या गावांत दोन-तीन. सरासरी काढली की पाच-सहा येणार, म्हणजे पिवळं. पण रोहिणखेडला पाच-सहा पतंग कुठेच नाहीत, असं ती म्हणाली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अवसरमोल, छोट्या पडद्यावर साधा नकाशा हवा, हे तुमच्याच अहवालात आहे ना?"

होतं. ठिपके बोटाखाली येत नाहीत, पडद्यावर गर्दी नको, असं तिनेच जुलैत लिहून दिलं होतं.

तिने एक मधला मार्ग सुचवला. वरून मंडळाचा रंग दिसू दे, पण माणसाने नकाशा बोटांनी मोठा करून अगदी जवळ आणला तर आतले ठिपके उघडू देत. साहेब बरं म्हणाले. ती तीन दिवस त्यावर बसली. मंडळाचे रंग, त्यांच्या पोटात ठिपके, आणि खाली एक ओळ, "तुमच्या शिवाराचा आकडा पाहण्यासाठी नकाशा जवळ आणा." काम वर पाठवलं. तिकडून जी आवृत्ती लोकांच्या मोबाइलवर गेली तिच्यात ठिपके नव्हते आणि ती ओळही नव्हती. ॲप जड होतं, नेट कमी असलेल्या गावांत उघडत नाही, असं कारण आलं. पिवळ्या रंगाखाली दोन शब्द नवे होते: धोका मध्यम.

महामायाने नागपूरला ईमेल केला. दोन दिवसांनी पुन्हा केला. मग फोन केला, तेव्हा साहेब म्हणाले की माझ्या हातात असतं तर केलं असतं. ते खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांच्याही वर कुणीतरी होतं.

मी तिला म्हटलं, तू नोकरी सोड. ती म्हणाली, सोडली तर उद्या पुण्याहून दुसरा कुणी येईल, तो तर रोहिणखेडला कधी गेलेलाही नसेल. मग म्हणाली, आपण फोन करू. आम्ही केले. माझ्याकडे सापळे मोजणाऱ्यांचे नंबर होते, त्यांच्याकडून शेतकऱ्यांचे घेतले. जेवणाच्या सुट्टीत दोघी गच्चीवर जाऊन एकेका गावात फोन लावायचो. पन्नास-साठ घरांपर्यंत पोचलो असू. पुष्कळ जण म्हणाले, पण मोबाइलवर तर पिवळं आहे. काहींना वाटलं, आम्ही कुठल्यातरी औषध कंपनीच्या बाया आहोत. कोकिळाचा नंबर दोन-तीनदा लावला, लागला नाही. मुजम्मिलला निरोप द्यायला सांगितलं. तो त्याच आठवड्यात सासऱ्याच्या आजारपणात शेगावला होता, आणि परत आला तेव्हा दिवाळी आली होती.

अळी वाढली आहे, एवढा निरोप त्याने दिला. रुखमाबाईंनी ऐकून घेतला आणि कोकिळाला मोबाइल उघडायला सांगितला. मोबाइलवर पिवळं होतं. त्यांच्या विहिरीला त्या वर्षी पाणी होतं. पहिली वेचणी झाल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून हरभरा पेरावा, असं निवृत्तीचं म्हणणं होतं. हरभऱ्याची वेळ अजून गेली नव्हती. रुखमाबाईंनी मोबाइल बघून ठरवलं की दुसरी वेचणी घेऊ, झाडांवर बोंडं भरपूर आहेत. बाहेरून ती खरंच चांगली दिसत होती. मुजम्मिलने हे आम्हाला सांगितलं तेव्हा नोव्हेंबर अर्धा संपला होता.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी महामाया म्हणाली, मला रोहिणखेडला जायचंय. मी पण निघाले. मुजम्मिलने आम्हाला मोटारसायकलवरून दोन खेपांत वावरात सोडलं. सकाळचे दहा वाजले असतील. पऱ्हाटी कमरेपर्यंत, बोंडं लगडलेली, आणि एकही धड उमललेलं नाही. कोकिळाने एक बोंड तोडून आम्हाला फोडून दाखवलं. आत कापूस पिवळट, गठ्ठा झालेला, आणि त्यात गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. चौथं महामायाने स्वतः घेतलं. नखाने फोडलं. त्यातही होती.

मजूर वेचायला येत नव्हते. त्या किडक्या कवडीला हात लावायला कोण येणार, असं कोकिळा म्हणाली. अंगाला खाज सुटते आणि दिवसभरात ओंजळभर निघत नाही.

रुखमाबाई वावराच्या कडेला धुऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. बोलणं दुसरंच निघालं, कुणाच्या लग्नाचं, थंडीचं. महामायाला ते सोसेना. ती म्हणाली, मावशी, मोबाइलवर पिवळं दिसत होतं ना, ते बरोबर नव्हतं. तुमच्या शिवारात सापळ्यांत वीसच्या वर पतंग होते.

रुखमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तुले माहीत होतं काय?"

"हो."

"कव्हापासून?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

कोकिळा आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी सांगायला लागले की ठिपके काढायचं आम्ही ठरवलं नव्हतं, महामायाने किती प्रयत्न केले, आम्ही फोनही लावले होते. महामायाने माझ्या हाताला धरून मला थांबवलं. मग रुखमाबाई म्हणाल्या, "तू त्या दिवशी आली, माह्यं वावर मले मोबाइलात दाखवलं. मले वाटलं, आता कोणीतरी आपल्या वावराकडे पाह्यते." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, असं महामाया मला परतताना म्हणाली.

त्यानंतरचा आठवडा ती घरी गेल्यावरही काम करत होती. माझ्याकडच्या सगळ्या नोंदी घेऊन तिने रोहिणखेड शिवाराचा कागदावर मोठा नकाशा काढला. प्रत्येक सापळा, प्रत्येक तारीख, किती पतंग. नुकसानीचे पंचनामे व्हायचे होते, त्यात हा उपयोगी पडेल असं तिला वाटलं. प्रिंट काढून मुजम्मिलच्या हाती पाठवला. पंचनाम्याला आलेल्या माणसाने तो नीट उलगडून बघितला, छान काढलाय म्हणाला, आणि परत दिला. त्याच्या अर्जात असा कागद जोडायला जागा नव्हती. शिवाय प्रकल्पाच्या नकाशावर मंडळ पिवळं होतं, ते त्याने स्वतःच्या मोबाइलवर बघितलं होतं. रुखमाबाईंचं नुकसान त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून नेलं. पुढे त्याचं काय झालं ते मला नक्की माहीत नाही.

पऱ्हाटी उपटायलाही माणसं मिळेनात, तेव्हा रुखमाबाईंनी वावरात मेंढ्या घातल्या. धनगर डिसेंबरच्या शेवटी आले. महामाया त्या दिवशी तिथे होती. ती एकटीच गेली होती, मला सांगितलं नव्हतं. शे-दीडशे मेंढ्या चार एकरांत शिरल्या आणि दुपारपर्यंत हिरवं असं काही उरलं नाही, नुसत्या काड्या. रुखमाबाई पूर्ण वेळ उन्हात उभ्या होत्या. महामाया त्यांच्याशेजारी. निघताना महामायाने विचारलं, मी काही करू शकते का? रुखमाबाई म्हणाल्या, "काय करशील बाई." आणि तिला घरी जेवायला थांबवून घेतलं.

मार्चमध्ये प्रकल्प संपला. शेवटच्या अहवालात ॲप किती जणांनी घेतलं याचा मोठा आकडा होता. त्याच पानावर महामायाचा नकाशा छापला होता, मंडळांचा. तिने साहेबांना विचारलं, ठिपक्यांचा नकाशा एक परिशिष्ट म्हणून जोडता येईल का. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. अहवाल छापून आला तेव्हा परिशिष्ट नव्हतं. एप्रिलच्या एक तारखेला मोबाइलवर नकाशा उघडेनासा झाला. वर फक्त पीकनजर हे नाव आणि खाली पांढरा पडदा.

महामाया परत पुण्याला गेली. आता घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीसाठी नकाशे करते. कुणाच्या दारापर्यंत जायला कोणतं फाटक, कोणता जिना, असं काम आहे म्हणते. पगार चांगला आहे. रविवारी कधी फोन येतो. आम्ही तिच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोलतो. कपाशीचं ती काढत नाही, मीही नाही. एकदाच म्हणाली होती, समीना, मी त्या दिवशी साहेबांना नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? मी म्हटलं, काही नाही, दुसऱ्याने केलं असतं. ती म्हणाली, हो, तेच तर.

मागच्या वर्षी मोताळ्याच्या बसस्टँडवर कोकिळा भेटली. मला तिने ओळखलं. आता ते सोयाबीन आणि तूर पेरतात, कपाशी सोडली. रुखमाबाईंना कमी दिसतं, पण वावरात रोज जातात. नकाशावाली ताई कुठे असते, असं तिने विचारलं. मी सांगितलं, पुण्याला. तो नकाशा परत सुरू होणार आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. तेवढ्यात तिची गाडी लागली, आणि ती पिशव्या उचलून गर्दीत शिरली.